भिंतीपलीकडचा दम

ये वं पल्लवी, बस जवळ. अशी दाराशी टेकून नको. इथं, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. तू आत्ता कबड्डीच्या शिबिरात आहेस आणि मी आर्वीत, हे काय मला कळत नाही? पण हे वाचताना तरी जवळ बस. आणि तो फोन पालथा ठेव आधी. दोन शब्द धड ऐकून घेत नाहीस बाई तू. परवा बोललो तेव्हा तुझा आवाज बसला होता. मी विचारलं तर म्हणालीस, "काही नाही गं आत्याआजी, सराव जास्त झाला." 'काही नाही' म्हणणाऱ्या माणसांच्या घरातच मी वाढले. तुझा आजोबाही असंच म्हणायचा. त्याचं 'काही नाही' काय होतं ते मी या कानांनी ऐकलेलं आहे, म्हणून रागावते.

कापसाचे दिवस आले आहेत इकडे. वर्धा रोडनं गाड्या जायला लागल्या की दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस चिकटतो, काट्याकाट्यावर. तुम्ही पोरी त्याचे फोटो काढता. म्हणता, किती छान, जणू बाभळीला फुलं आली. मला ते फूल दिसलं की छातीत धस्स होतं. आता सत्तरीकडे आले, तरी होतं. पाऊस सरून थंडी पडली, सकाळी उन्हात बसावंसं वाटायला लागलं की बाकीच्यांना बोरं आठवतात, हुरडा आठवतो. मला खोकला आठवतो.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक जिनिंग होती. तिचं नाव घेत नाही, आता ती नाहीही. कापसातून सरकी वेगळी काढायची यंत्रं असतात ना, रेचे म्हणतात त्यांना, ती दिवसभर घरघरत. त्या आवाजात आम्ही जेवायचो, भांडायचो, अभ्यास करायचो. यंत्रं थांबली की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. तुझा आजोबा, म्हणजे माझा दादा सुधाकर, त्या रेच्यांवर कामाला होता. संध्याकाळी घरी यायचा तो पांढरा होऊन. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानातले केसही पांढरे. मी हसून म्हणायची, "आला वं म्हातारा!" माय त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. गुळानं घशातली रुई खाली उतरते, असं सगळी जिनिंग मानत होती. मग अंगणात पाणी, मग खोकला. अंघोळीआधी थोडा, अंघोळीनंतर थोडा. कोणी त्याकडे लक्ष देत नव्हतं. शेतकऱ्याच्या पायाला भेगा असतात, जिनिंगवाल्याला खोकला असतो, असं चालायचं.

आणि हाच दादा कबड्डीत चढाई करायचा. म्हणजे ज्या माणसाची छाती दिवसभर रुईनं भरत होती, तोच एका दमावर दुसऱ्याच्या अंगणात शिरून, गडी मारून, परत येत होता. कापसाचा मोसम आणि कबड्डीच्या सामन्यांचा मोसम आपल्याकडे एकच. माय कबड्डीला हुतुतूच म्हणायची. सामने जिनिंगच्या भिंतीला लागून असलेल्या पटांगणात. माती चाळून, पाणी मारून, चुन्याच्या रेघा आखून. आम्हा पोरींना तिथं जायची सोय नव्हती. बायामाणसं त्या गर्दीत कशी जातील? म्हणून मी भिंतीच्या अलीकडे, आमच्या गोठ्याशेजारी उभी राहायची. तिथं मागच्या सालच्या पऱ्हाट्या, कापसाच्या वाळल्या काटक्या, जळणासाठी रचलेल्या असत. त्यांना पाठ लावून मी सामना ऐकायची.

हो, ऐकायची. तू खेळतेस, तुला ठाऊक आहे, सामना ऐकता येतो. दादाचा दम मी शंभरातून ओळखत होते. सुरुवातीला जाड, पायांसोबत चालणारा. मग समोरचे सात जण गोल व्हायला लागले की बारीक, घाईचा. आणि रेघ ओलांडून परत आला की एक मोठा 'हाः'. तो 'हाः' ऐकेपर्यंत मीही श्वास घेत नव्हते. ठरवून नाही, आपोआप. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मायनं गोठ्यातून ओढून नेलं. "काऊन वं, खेळून तो राह्यला का तू?"

मला त्या दमात एक शिट्टी ऐकू यायला लागली होती. दिवाळीनंतर कधीतरी. शेवटच्या टोकाला, दम संपत आला की, दार नीट न लागल्यावर वारा जसा फटीतून येतो ना, तशी. कोणाला सांगू? दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "काही नाई. थंडीचं." मायला सांगितलं तर तिनं गुळाचा खडा थोडा मोठा केला.

त्या काळी आमच्याकडे एक समजूत होती. आमच्याकडे म्हणजे आमच्याच घरी नाही, अख्ख्या रेचेवाल्यांच्या वस्तीत. बाजाराच्या दिवशी जिनिंग बंद असायची. त्या दिवशी माणूस घरी बसे. आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आला की छाती आवळलेली, ताप आल्यासारखं अंग, जिना चढवत नाही. आठवडा सरता सरता बरं वाटे. मग पुन्हा सुट्टी, पुन्हा तेच. यावरून सगळ्यांनी काय काढलं? की सुट्टी बाधते. रुईची सवय सुटली की छाती चिडते. म्हणून माय सुट्टीच्या दिवशी दादाला घरातल्या कापसाच्या ढिगाशेजारी झोपवायची. शेतातला कापूस विकला जाईपर्यंत पुढच्या खोलीत छताला भिडेस्तोवर रचलेला असे. त्याच्या कुशीत दादाची गोधडी. "सवय मोडू नाई," माय म्हणायची, आणि प्रेमानं त्याच्या उशालाही कापूस सारायची. मी ते पाहत होते, आणि मला ते बरोबरच वाटत होतं. पण भीती मात्र वाटायची. कशाची ते सांगता येत नव्हतं.

अशातच ती बातमी आली. दिल्लीतलं एशियाड व्हायला अजून काही वर्षं होती, पण आशियातल्या देशांचे संघ इकडून तिकडे खेळायला जात-येत. आपले गडी तिकडे, तिकडचे इकडे. हॉटेलातल्या रेडिओवर जपान, इराण, मलेशिया अशी नावं ऐकू येत आणि लोक चहा थांबवून ऐकत. तर बांगलादेशातला एक कबड्डीचा संघ नागपूरकडे चालला होता, आणि त्यांचा एक प्रदर्शनी सामना आपल्या गावात ठरला. गावाला काय झालं म्हणून सांगू! आमच्या संघाचा कप्तान वसंताभाऊ, पानठेला होता त्याचा, तो दुकान सोडून गल्लोगल्ली हिंडत होता. बाहेरगावच्या गड्यांना जेवायला घरोघरी वाटून द्यायची आपली रीत. आमच्या वाट्याला एक गडी आला. नाव कमाल.

वसंताभाऊ सामन्याच्या आदल्या दिवशी मायला सांगायला आला. बाजाराचा दिवस होता, जिनिंग बंद.

"मावशे, उद्या सुधाकरले पाळीवर नको धाडू. दोन रोज आराम पडू दे. ताजा राह्यला पायजे पोट्टा."

"तू नको शिकवू मले," माय म्हणाली. "रिकामा राह्यला का त्याची छाती भरते. सकाळी पाळी करू दे. छाती मोकळी होईन, मंग खेळन."

"अवं, परदेशातले गडी हायेत ते!"

"परदेशातल्याइले का फुप्फुसं दोन-दोन जास्तीचे असते काय रे?"

वसंताभाऊ हसत गेला. दादा सकाळी पाळीवर गेला.

कमाल आमच्याकडे दुपारी जेवायला आला. उंच, सावळा, हडकुळा, खांदे मात्र बैलासारखे. मायनं भाकरी, वरण, वांग्याची भाजी केली होती. तो भात शोधत होता, लाजून मागत नव्हता. माय म्हणाली, "भात वाढ वं त्याले, तिकडं भातच खाते." हिंदी त्यालाही मोडकी आणि आम्हालाही. तेवढ्यात दादा पाळीवरून आला. पांढरा. दाराशीच खोकला सुरू झाला त्याचा. पुढच्या खोलीत कापूस, त्यामुळे खोकला वाढला. कमालचा घास हातात राहिला. तो दादाकडे बघत होता, मग कापसाच्या ढिगाकडे, मग पुन्हा दादाकडे. मी चुलीजवळून पाहत होते. त्याच्या तोंडावर मला जे दिसलं ते ओळखीचं होतं, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. तोही घाबरला होता. परका माणूस, आमचा खोकला ऐकून.

"बीमार?" त्यानं विचारलं.

"काही नाई," दादा म्हणाला. "थंड का मौसम है."

सामना ऊन कलल्यावर सुरू झाला. मी पऱ्हाट्यांना पाठ लावून उभी. भिंतीपलीकडे गाव. आधी त्यांचे गडी चढाईला आले. शब्द तोच, पण त्यांच्या तोंडी तो गोल होऊन यायचा, पाण्यात बुडवून काढल्यासारखा. मला वाटलं, यांच्याही कोणाच्या घरी, नदीच्या पलीकडे, कोणी पोरगी अशीच भिंतीला टेकून ऐकत असेल का? मग दादा गेला. पहिल्या चढाईला परत आला. 'हाः' ऐकला, मी श्वास सोडला. दुसऱ्या चढाईला 'हाः' उशिरा आला. तिसऱ्यानंतर तो आलाच, पण आत खेचताना त्याला कोणी अडवत असल्यासारखा.

मी भिंतीवर हात मारला. उगाच. कोण ऐकणार?

शेवटाकडे दोन्ही संघ बरोबरीत होते, हे गर्दीच्या ओरडण्यावरून कळत होतं. कोणीतरी ओरडला, "सुध्या, आता तूच रे!" आणि दम सुरू झाला. जाड. मग बारीक. मग गर्दी एकदम गरजली, म्हणजे धरला. त्या गोंगाटाच्या खाली, अगदी खाली, मला दम ऐकू येत होता. शिट्टी. मग नुसती शिट्टी, शब्द नाही. मग शिट्टीही नाही.

पल्लवी, भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्याआधी वाटत होती ती नुसती काळजी. भीतीला आवाज नसतो गं. आपल्या माणसाचा आवाज जिथं असायला हवा तिथं जी मोकळी जागा राहते, तीच ती.

आणि त्याच क्षणी गाव आनंदानं वेडं झालं! "सुटला! सुटला! वापस आला!" ढोल वाजला. मी पऱ्हाट्यांवर चढले. काटक्या पायात घुसल्या, लुगडं फाटलं, भिंतीवर पोट टाकून मी पाहिलं. दादा रेघेच्या अलीकडे होता. लोकांनी त्याला खांद्यावर उचलला होता. गुलाल उडत होता. तो वर, सगळ्यांच्या डोक्यांवर, तोंड उघडं, आणि तोंडात काही जात नव्हतं. हात हवेत काहीतरी धरायला बघत होते. लोकांना वाटलं, तो हात हलवून जिंकल्याचं दाखवतो आहे. त्यांनी आणखी उंच उचलला.

मी उडी मारली. त्या पटांगणात आजवर कोणी बाई गेली नव्हती आणि मी केस सुटलेली, ओरडत, "खाली ठेवा! खाली ठेवा त्याले!" कोणी ऐकेना. ढोलापुढे माझा आवाज किती? पण दुसऱ्या बाजूनं आणखी एक जण तसाच गर्दी फोडत येत होता, त्याच्या भाषेत ओरडत. मला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. कमाल होता तो. लोकांना वाटलं, हरल्यामुळे भांडायला आला. कोणी त्याची बंडी धरली. त्यानं ती फाटू दिली आणि दादाच्या कमरेला मिठी मारून त्याला खांद्यांवरून खाली ओढला. मिनिटभरापूर्वी याच कमरेला त्यानं धरलं होतं. आणि मग सोडलं होतं, मुद्दाम. हे मला नंतर कळलं. कानाशी दादाची छाती होती ना त्याच्या. त्याला आतून कळलं, की दम खेळातला नाही, खरा चालला आहे. म्हणून त्यानं मिठी सैल केली. देशाकडून खेळत होता तो. गुण गेला. त्यानं जाऊ दिला.

त्यानं दादाला मातीत बसवला. पुढे वाकवला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली. लोकांना हातानं मागे ढकललं. "हवा! हवा!" एवढंच. स्वतः त्याच्यासमोर बसून सावकाश श्वास सोडून दाखवत राहिला, लहान पोराला शिकवावा तसा. मी दादाचा खांदा धरून बसले होते. ढोल केव्हा थांबला कळलं नाही. बऱ्याच वेळानं एक बारीक, फाटका 'हाः' आला. गुलाल पडलेल्या मातीवर माझं डोकं टेकलं.

घरी आणल्यावर मायनं बिनदुधाचा गरम चहा केला. कमालनं दादाला अंगणात बसवलं, घरात जाऊ दिलं नाही. कापसाकडे बोट दाखवून मान हलवत राहिला. मग मायला विचारलं, "छुट्टी के बाद? पहला दिन? सबसे खराब?"

माय चपापली. "तुले कोनी सांगतलं रे?"

"अब्बा," तो म्हणाला. त्याचा बाप तागाच्या गिरणीत होता. तागाची धूळ. तिथंही सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी छाती. तिथंही लोक म्हणत, सुट्टी बाधते.

"हाव ना," माय म्हणाली. "सुट्टीच बाधते. म्हनूनच मी याले पाळीवर..."

"नहीं, अम्मा." तो शब्द जुळवत म्हणाला. "छुट्टी से नहीं. वापस जाने से."

मायनं पुढच्या खोलीतल्या कापसाकडे एकदा पाहिलं. मग तिनं हळूच विचारलं, "आता कसे हायेत तुमचे अब्बा?" तो कपातला चहा फिरवत बसला. माय पुन्हा विचारायला गेली नाही. तिनं आत जाऊन त्याच्या फाटलेल्या बंडीला टाके घालायला घेतले, आणि मला दिसलं, सुई तिच्या बोटात पुन्हा पुन्हा टोचत होती.

दुसऱ्या दिवशी जिनिंगचा भोंगा झाला. दादा उठला. माय उंबऱ्यात बसलेली. "आज नाई जायचं."

"माय, बाजू हो."

"नाई होत. उद्याही नाई होत."

दादा त्या दारातून जिनिंगला परत कधी गेला नाही. बैलगाडीवर कापूस वाहू लागला, उघड्यावर. पुढच्या खोलीतला ढीग आम्ही गोठ्यात हलवला आणि बैल ओसरीत बांधले. शेजारणी हसल्या. खेळ त्यानं सोडला नाही, पण चढाई सोडली. कोपऱ्यात उभा राहून पकड करू लागला. पकड करणाऱ्याला दम लावायचा नसतो ना. तरी मी भिंतीशी उभी राहायचीच. आता त्याचा आवाज येत नव्हता, तर ती वेगळीच भीती.

दिल्लीचं एशियाड झालं तेव्हा वसंताभाऊच्या दुकानासमोर टीव्ही ठेवला होता. सगळे देश रांगेनं चालत मैदानात येत होते. लोक रंग पाहत होते, कोणाचे कोट कसे, कोणाचा झेंडा कसा. बांगलादेशचं नाव आलं आणि दादा उभा राहिला. मागचे ओरडले, "बस ना बे, दिसून नाई राह्यलं!" तो बसला नाही. एकेक तोंड बघत होता. रांग निघून गेली, दुसरा देश आला, तरी तो उभाच. मग खाली बसला आणि मला म्हणाला, "काही नाई." कमाल तिथं नव्हता. का नव्हता, कोण सांगणार? इतके देश, इतकी माणसं. त्याच्याही छातीत बापासारखं काही बसलं असेल का, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो दादाला बोलले नाही. त्याच्याही मनात आला असेल. त्यानंही बोलून दाखवला नाही.

आता टीव्हीवर तुमच्या कबड्डीत केवढे देश. इराणच्या उंच पोरी, थायलंडच्या, कोरियाच्या, नेपाळच्या. दम मात्र ऐकूच येत नाही. सांगणारा बोलत राहतो, लोक ओरडत राहतात. देश देशाशी खेळतो म्हणतात. पण त्या रेघेपलीकडे जाते ती एकटी पोरगी. तू पलीकडे गेलीस की मी श्वास धरते. तुझा 'हाः' मला काही ऐकू येत नाही. तू परत आलेली दिसतेस, पण दिसण्यावर माझा विश्वास नाही. मी त्याला लोकांच्या खांद्यावर पाहिलेला आहे.

म्हणून तुझ्या बसलेल्या आवाजाबद्दल विचारते. डॉक्टरला दाखव. आणि खरं काय ते सांग.

आता तुझ्या आजोबाचं. खरं मीही सांगते मग. या थंडीत त्याला एक वाक्य एका दमात पुरं होत नाही. अर्धं बोलतो, थांबतो, हात वर करून मला थांबायला सांगतो, मग उरलेलं बोलतो. तू फोन करतेस तेव्हा त्याच्या सांगण्यावरून मी "झोपलाय" म्हणते ना, झोपलेला नसतो. समोर बसलेला असतो, कान लावून. मध्येच थांबला तर तू घाबरशील म्हणून बोलत नाही. परवा मी रागावले तर म्हणाला, "समोर असली तर... तिले दिसन ना... मी थांबलो तं... बसलोच हावो म्हनून. फोनवर... कसं दिसन?"

शिबिराला सुट्टी मिळेल तेव्हा पुण्याला मैत्रिणीकडे जायचं ठरवलं आहेस, कळलं मला. जा गं, पुढच्या वेळी जा. या वेळी इकडे ये. आर्वीच्या गाडीत बसलीस की कळव, मी डेपोवर उभी राहते. त्याच्यासमोर उन्हात बस आणि त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा बोलू दे. थंडी वाढायच्या आत ये, बाई. लवकर ये.